सोमवारच्या आधीचा फोटो

एकशे चौदा फोटो काढले, आणि एकशे चौदाच्या एकशे चौदा फोटोंत पदर! आता बोला!

शकीलनं दुकानातल्या स्टुलावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढं सरकवला. शेवटचा आला तसा पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मग कॅमेरा काउंटरवर असा आपटला, की मागच्या खोलीतून त्याची बायको मुबीना धावत आली.

"क्या फूटा?"

"मेरा नसीब. और क्या फूटनेवाला है?"

मुबीनानं कॅमेरा उचलला, काच उजेडात धरून पाहिली, काच शाबूत आहे म्हटल्यावर कॅमेरा खाली ठेवला आणि नशिबाबद्दल एक अक्षर न बोलता आत निघून गेली. वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं, की हा माणूस फोटोवरून चिडला की त्याच्या वाटेला जायचं नाही.

आणि चिडणार नाही तर काय करणार? साखरखेर्ड्याच्या स्टँडावर शकीलचा स्टुडिओ बावीस वर्षांपासूनचा. आधारचे, परीक्षेच्या फॉर्मचे, मुली दाखवायचे, सगळे फोटो इथंच. पण शकीलची खरी मिजास होती ती चेहरा मोकळा करण्याची. लग्नात लोक म्हणायचे, शकीलभाऊचा फोटो म्हणजे माणूस आत्ता बोलेल असा. त्यानं आयुष्यात कुणाला 'हसा' म्हटलं नव्हतं. 'हसा' म्हटलं की माणूस हसत नाही, नुसते ओठ ताणतो, हे त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तो आपला गप्पा मारायचा. नवरदेवाला विचारायचा, साळीनं बूट कुठं लपवले? म्हाताऱ्याला विचारायचा, तुमचा पहिला बैल कोणत्या रंगाचा होता? बोट बटणावर, डोळा माणसावर. आणि हसू फुटल्या फुटल्या नाही, ते ओसरताना चेहरा जसा सैल पडतो ना, तिथं बटण दाबायचं. या हिशेबानं त्यानं फौजदाराला हसवलं होतं, हेडमास्तरांना रडवलं होतं. आणि सहासष्ट वर्षांच्या विमलबाईपुढं त्यानं हात टेकले होते.

बुधवारी दुपारी पुंजाजी दुकानात आले होते. हे विमलबाईचे मालक. शकीलच्या अब्बापासूनची ओळख, म्हणून शकील त्यांना मामा म्हणायचा आणि विमलबाईला मावशी. या दोन नात्यांचा मेळ बसत नाही हे कुणी त्याला कधी सांगितलं नाही. फॉर्मचे फोटो काढायला आलेली पोरं जाईपर्यंत मामा कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "तुह्या मावशीचा एक फोटो पाह्यजे. हसताना."

"घेऊन या ना मग."

"ते येत नाई दुकानात. तुलेच याव लागन. अन् कायले पाह्यजे ते तिले सांगाचं नाई."

मग त्यांनी सांगितलं. विमलबाईला डाव्या गालात तंबाखूची गोळी धरायची सवय. तिथल्या हिरडीला जखम झाली, ती काही बरी होईना. लेक गणेश पुण्याहून आला, आईला संभाजीनगरच्या दवाखान्यात दाखवून गेला. तपासणीचा कागद आला. डॉक्टरांनी गणेशला आणि मामांना बाहेर बोलावून सांगितलं, रोग हाडात शिरलाय, डाव्या अंगाचा जबडा काढावा लागेल. बाई वाचेल. पण तोंड आहे तसं राहणार नाही. ऑपरेशन सोमवारी. विमलबाईला एवढंच माहीत, की बारीकशी गाठ आहे आणि ती काढायची आहे.

"खरं कळलं तं ते येनारच नाई," मामा म्हणाले. "इथंच मरतो म्हनन. थे ऑपरेशन होऊ दे बाप्पा. पन त्याच्या आंधी मले तिचं हसलेलं तोंड पाह्यजे. मोठं करून दे. मी पाह्यत जाईन."

पुढचा-मागचा विचार न करता शकील बोलून बसला, "मामा, हे काय काम हाय! उद्याच घ्या." हा एक शब्द त्याला तीन दिवस टोचत राहिला.

गुरुवारी तो त्यांच्या घरी गेला. मामांनी घरात सांगून ठेवलं होतं, की पुण्याच्या नातीला, छकुलीला, शाळेत 'माझी आजी' म्हणून वही करायची आहे, तिला आजीचा हसरा फोटो हवा आहे.

"तिच्या बाईले माहे दात कायले पाह्यजे?" विमलबाईनं विचारलं आणि स्वतःच हसली.

आणि तिथंच शकीलला पहिला झटका बसला. बाई हसत नाही अशातली गोष्टच नव्हती. रडव्या माणसाला हसवायचं तर शकीलकडं शंभर युक्त्या होत्या. ही बाई तर कशावरही हसायची! कोंबडी ओट्यावर चढली, हसली. मामांची टोपी वाकडी, हसली. शकील कॅमेरा घेऊन उकिडवा बसला, त्यावर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण हसू फुटायच्या आत हात खांद्याकडं जायचा आणि पदर तोंडावर यायचा. शकीलचा कॅमेरा सेकंदाला आठ फोटो घेतो. बाईचा हात त्याच्यापुढं. पदराच्या वर दोन डोळे, खाली हनुवटी, मधे सगळी हिरवी काठाची साडी. असे एकशे चौदा.

"मावशी, पदर जरासा खाली राहू द्या ना."

"हाव हाव," म्हणायची, पदर कमरेला खोचायची, आणि पुढच्या हसण्याला दुसरा हात वर.

शुक्रवारी शकीलनं ठरवलं, बाई कॅमेऱ्याला बुजते, एवढाच प्रकार आहे. कॅमेरा दिसला नाही म्हणजे झालं. तो शेजारच्या अन्नपूर्णाबाईच्या गच्चीवर मोठी लेन्स घेऊन जाऊन पालथा पडला. त्यानं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं खाली अंगणात अन्नपूर्णाबाई तुरीच्या शेंगा सोलायला विमलबाईपाशी जाऊन बसली. दोघी म्हाताऱ्या, आजूबाजूला कुणी बाप्या माणूस नाही, कुणी पाहत नाही, उन्हं कलती, उजेड लोण्यासारखा मऊ. अन्नपूर्णाबाईनं काहीतरी वाह्यात सांगितलं. विमलबाईनं हातातल्या शेंगा टाकल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला!

शकीलनं गच्चीवर कपाळ टेकलं. अरे, कुणासाठी? कुणापासून? तिथं कॅमेरा नाही, सासरा नाही, भासरा नाही, समोर बसलेल्या बाईच्या तोंडात स्वतःलाच चार दात, आणि ही झाकते! म्हणजे कालपासून तो ज्याला बुजरेपणा म्हणत होता तो बुजरेपणा नव्हताच. त्याच्या गप्पा, त्याचं थांबणं, त्याची लेन्स, बावीस वर्षांचं सगळं कसब इथं कवडीच्या कामाचं नव्हतं. गच्चीचे खडे कोपराला रुतले होते, मानेला रग लागली होती, आणि हाती काय, तर आणखी सत्तर फोटो पदराचे.

खाली उतरल्यावर त्यानं मामांना वेशीपर्यंत नेलं आणि विचारलंच, "मामा, खरं सांगा. तुमी तरी पाह्यलं का मावशीचं हसताना तोंड?"

मामांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "धड असं नाई पाह्यलं," म्हणाले. "म्हणून तं तुह्याकडं आलो ना बे." आणि काठी टेकत परत फिरले.

त्या रात्री शकील जेवला नाही असं नाही, जेवला. पण मुबीनाशी भांडला, वरणात मीठ नाही म्हणाला, आणि मीठ होतं.

शनिवारी सकाळी तो शेवटचा डाव घेऊन गेला. रविवारी पहाटे गणेश गाडी घेऊन येणार होता. म्हणजे काय ते आजच. आजचा डाव असा, की बाईचे दोन्ही हात गुंतवायचे. अंगणातल्या चुलीवर भाकरी टाकायला लावायची. दोन्ही हात पिठात, मनगटापर्यंत. फोटोसाठी नेसलेल्या नव्या साडीला पीठ लागू द्यायची नाही बाई, मग पदर कशी घेते तेच पाहतो!

मामा बाजूच्या बाजेवर चहा घेऊन बसले. त्यांना काम एवढंच दिलेलं, की काहीतरी बोलत राहायचं. शकील समोर जमिनीवर मांडी घालून बसला. ऊन कोवळं, धूर दुसऱ्या अंगाला. इतका चांगला उजेड त्याला महिन्यात मिळाला नव्हता.

मामा म्हणाले, "पह्यल्या साली तुह्या भाकरीचा नकाशा होये."

विमलबाईला हसू आलं. दोन्ही हात पिठात. शकीलचं बोट बटणावर गेलं. आणि बाईनं मान वळवून तोंड सरळ कोपराच्या खळग्यात खुपसलं! खांदे गदगदा हलताहेत, आणि समोर फोटोला काय, तर अंबाडा.

एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मामांनी स्वतःच्या सासूची नक्कल केली, पुन्हा अंबाडा. चौथ्यांदा बाई हसली, कोपर वर गेला, आणि शकीलचं टाळकं सटकलं.

"मावशी! अवं काय करून राह्यल्या तुमी! आजचाच दिवस हाय ना! सोमवारी अर्धा जबडा काढल्यावर मी काय कपाळाचा फोटो काढू?"

बोलला, आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं गेलं. बाजेवर मामांच्या हातातली बशी वाजली. तव्यावरची भाकरी फुगली आणि तशीच करपायला लागली.

विमलबाईनं कोपर खाली घेतला. परातीतलं पीठ गोळा केलं, गोळा थापटला, बाजूला ठेवला. मग मामांकडं न पाहता विचारलं, "कोन्ता?"

मामा बशी ठेवायला बाजेवर जागा शोधत राहिले.

"कोन्ता जबडा म्हन्लं. डावा का उजवा?"

"डावा," मामा म्हणाले.

तिनं पिठाचा हात डाव्या गालाला लावला. पीठ गालाला लागलं. "अन् मले गाठ सांगतली."

"गण्या म्हने, तू येनार नाईस."

"गण्या म्हने! गण्या कोन व्हय? तोंड माहं हाय का गण्याचं?" तिचा आवाज चढला. "तुमाले मालूम, पोराले मालूम, सुनेले मालूम असन. या फोटोवाल्याले मालूम! साऱ्या गावाले ठावकं, अन् मलेच नाई? मी का कुक्कुलं बाळ हाय? आन् छकुलीची शाळा? ते बी खोटं?"

"हाव," मामा म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

शकीलला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळायला घेतला. ज्या एका गोष्टीसाठी त्याला बोलावलं होतं ती तर झालीच नाही, वर ज्या एका गोष्टीबद्दल गप्प राहायला सांगितलं होतं ती तो ओरडून बसला. आता ही बाई दवाखान्यात जायला नाही म्हणाली तर? तिच्या जिवाचं पाप कुणाच्या माथ्यावर? त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"कुठी चाल्ला?" विमलबाई म्हणाली. "बस खाली."

ती उठली. करपलेली भाकरी काढून कोंबड्यांना टाकली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, तोंड धुतलं. येताना आतून लाकडी पाट आणला, त्याच्यावर बसली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि टोकं मांडीखाली दाबली.

"जाईन मी सोमवारी," ती म्हणाली. "मरत बिरत नाई. पन काय चाल्लं जाऊन राह्यलं ते मले पाहू दे. काढ माहं तोंड."

शकीलनं काढले. काहीच बोलला नाही, बैल विचारला नाही, बूट विचारले नाहीत. सरळ समोरून सहा फोटो. चेहरा रागाचा, ओठ घट्ट, नाकपुड्या फुगलेल्या. त्यानं कॅमेरा तिच्या हातात दिला. ती एकेक पाहत राहिली.

"हे तं माही मायच बसली हाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "अन् हसलेला?"

"हसलेला नाई, मावशी."

"एकबी?"

"दोनशे काढले. एकबी नाई."

"मंग काढ ना!" ती चिडूनच म्हणाली. "पाह्यतो कसं दिसते ते!"

आता गंमत पाहा. तीन दिवस ज्या बाईचं हसू थांबत नव्हतं, तिला आता हसू येईना. तिनं ओठ ताणून पाहिले, ते पाहवेना. शकीलकडं युक्त्या होत्या. पण नुकतंच जिला जबड्याचं सांगितलं तिला कोंबडीची गोष्ट कशी सांगायची? कॅमेरा डोळ्याला लावून तो नुसता बसला. बोट बटणावर. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचलं नाही.

तेवढ्यात बाजेवरून मामांचा हुंदका आला.

"माह्याच्यानं झालं हे सारं," ते म्हणाले. "इमल, माह्याच्यानंच."

"आता तुमाले काय झालं?"

"लग्नाची पह्यली दिवाळी. घरात पाव्हणे. तू कायच्यावरून तरी जोरानं हसली. अन् म्या साऱ्याइसमोर म्हणलं, दात झाक. तवापासून तू झाकून राह्यली. अठ्ठेचाळीस साल झाले. रोज पाह्यतो अन् रोज मनात येते, म्हणू का हिले, नको झाकू. पन तोंडच उचललं नाई माहं. अन् आता..." पुढं त्यांना बोलवेना. टोपीनं डोळे पुसायला लागले.

विमलबाई त्यांच्याकडं पाहत होती. कपाळाला आठ्या घालून आठवत होती.

"कवा?" तिनं विचारलं.

"दिवाळीले!"

"मले नाई आठोत."

"असं कसं नाई आठोत? तू रडली होती न!"

"रडली असन. पह्यल्या साली मी रोजच रडे." ती म्हणाली. "आन् तुमच्यानं कायले झाकन मी? मले तं मायनं शिकवलं होतं. सात-आठ वर्साची असन. म्हने इमले, तुहे दात पुढं हायेत, पाह्यनारे पसंत नाई करनार, हसली का तोंडावर हात घेत जाय. तवा पदरबी नव्हता माह्याजवळ, झंपर-परकर होता."

मामांनी डोळ्यावरची टोपी काढली. "मंग... म्या म्हणलं, त्याचं काईच नाई?"

"काईच नाई."

"अठ्ठेचाळीस साल मी जीव जाळून राह्यलो, अन् तुले आठोतबी नाई?"

"नाई ना बाप्पा!"

मामांचं तोंड असं झालं, असं झालं, की काय सांगावं! भर बाजारात कुणी खिसा कापावा तसा माणूस. एवढं जपून ठेवलेलं पाप, आणि त्याला कुणी मालकच नाही. रडावं की रागवावं हे त्यांना कळेना, आणि ते दोन्ही करायला गेले.

आणि ते पाहून विमलबाईला आलं हसू. पोटातून आलं. तोंड उघडलं, गाल वर चढले, डावा आणि उजवा, आणि सवयीनं हात उठला. मांडीखालून पदराचं टोक सुटलं. हात छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला, आणि तिथं थांबला. तिनंच थांबवला. मामांकडं पाहत, तोंड उघडं ठेवून ती हसत राहिली, आणि तो हात हनुवटीखाली तसाच अधांतरी.

शकीलनं बटण दाबलं. एकदाच. नंतर तिच्या डोळ्यांतलं हसू बदलत चाललं, पाणी खाली यायला लागलं, आणि त्यानं कॅमेरा खाली घेतला. ते काढायची त्याची छाती झाली नाही.

"निंघाला का?" बाईनं नाक पुसत विचारलं.

"निंघाला, मावशी."

"दाखव."

त्यानं कॅमेरा दिला. मामाही बाजेवरून उठून मागं येऊन उभे राहिले. विमलबाईनं पडदा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. फोटोतल्या तोंडावर तिनं बोट ठेवलं आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फिरवलं.

"एवढे काई पुढं नाईत हो माहे दात," ती म्हणाली.